गणितात पहिली

केनवडच्या कॉलेजात अकरावीच्या गणिताच्या तासाला विनोद सर रोज हजेरी घ्यायचे.

"रोल नंबर एक!"

"हजर, सर."

एवढं झालं की सर हजेरीपट मिटायचे, कारण वर्ग तिथंच संपायचा. बाकी सगळ्यांनी बायोलॉजी घेतलं होतं. गणितवाली धम्मदीपा तेवढी एकटी. सरांच्या सवयी मात्र भरल्या वर्गाच्या. "मागं ऐकू येतं का?" असं ते विचारायचे आणि बिचारी पहिल्या बाकावरून "येते, सर" म्हणायची. गणित तिला जिवापाड आवडायचं. पण लॉगॅरिदम अडलं तर कोणाच्या वहीत डोकवायचं? सर फळ्याकडे वळले की कोणाला चिमटा काढायचा? शेजारच्या वर्गातून हसण्याचा गलका आला की तिला रडूच यायचं.

पहिली चाचणी झाली. तिला पंचवीसपैकी अकरा मिळाले. सरांनी नेहमीच्या शिस्तीत नोटीस बोर्डावर कागद लावला: 'गणित, प्रथम क्रमांक: धम्मदीपा.' झालं! तिच्या वडिलांनी, शेषरावांनी, त्याचा फोटो काढून गावभर पाठवला.

"बाबा, आयका तर खरं."

"काय आयकू? पयली आली न तू?"

"आली, पन..."

"मंग झालं! दहावीले मी गनितातच उडालो होतो. अन् आता माही पोरगी पयली!" बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. आता अशा माणसाला काय सांगणार, कपाळ!

तिनं आईला सांगितलं. केशरबाईंनी भाकर थापता थापता विचार केला. "मंजे शेवटची बी तूच आली म्हन की!" त्या खो खो हसल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "बापाले सांगू नोको, माय. लय दिसानं खुश हाये मानूस."

तोवर सतीशकाकानं एसटी थांब्यावर फ्लेक्स टांगला होता: 'शेकडो विद्यार्थ्यांमधून गणितात प्रथम!'

"काका, शेकडो कुठून आले?"

"फ्लेक्सवाल्यानं टाकले. त्याच्याकडे तसं तयारच राह्यते."

फ्लेक्स लागला म्हणजे सत्कार आलाच. रविवारी विहाराच्या सभागृहात गाव जमलं. शाल फुकट दिली म्हणून कापडवाले हुकूमचंदशेठ प्रमुख पाहुणे. त्यांचा पारस बायोलॉजीत कायम शेवटून पहिला, म्हणून त्यांना दुसऱ्यांच्या नंबरांची फार चौकशी.

"बेटी, दुसरा नंबर कोनाचा आला?"

धम्मदीपानं पहिल्या रांगेतल्या बाबांकडे पाहिलं. खोटं बोलायला जीभ रेटेना.

"कोनाचाच नाई, काका. वर्गात मी एकलीच आहो." आणि एकदा बांध फुटला तो फुटलाच. "हजेरीले एकली, डब्याले एकली! मले नाई पाह्यजे पयला नंबर. मले बाजूले कोनीतरी पाह्यजे!"

शेषरावांची मान खाली गेली. हुकूमचंदशेठांचा मात्र तोवर हिशेब झाला होता.

"मंजे आमचा पारस तिकडे आला, तर कमीत कमी दुसरा?"

सोमवारी ते विषय बदलण्याचा अर्ज घेऊन कॉलेजात हजर! मागोमाग जांभया देत पारस.

"लॉग मंजे लाकूड काय?" त्यानं धम्मदीपाला पहिलाच प्रश्न विचारला.

तिनं समजावलं. नाही कळलं, म्हणून डब्याच्या सुट्टीत पुन्हा समजावलं. पारसला चालत नाही म्हणून केशरबाई डब्याच्या भाजीत कांदा टाकेनाशा झाल्या. एकदा दोघांची इतकी कुजबुज चालली की सर गर्रकन वळले, "कोण बोलतंय रे?" असं गरजले आणि खडू फेकून मारला. काय खुलला होता त्यांचा चेहरा!

पुढच्या चाचणीचा कागद लागला. पारस सोळा, धम्मदीपा पंधरा.

शेषराव घरी मटकन खाली बसले. "दुसरी? अन् त्या पोट्ट्याले शिकोलं कोनं?"

"मीच."

"मंग हासून काहून राह्यली?"

"बाबा," धम्मदीपाला हसू आवरेना, "दुसरी येन्यासाठी वर्गात दुसरं कोनी असावं लागते न!"