हंसाने मान टाकली

चोचही ताठ झाली तेव्हा कुठे युवराजने पायपंपावरचा पाय काढला. पळसदेवला, उजनी धरणाच्या काठावर, मे महिन्यातल्या दुपारी एक वाजता, तापलेल्या काळ्या कातळावर एक पांढराशुभ्र राजहंस बसला होता. प्लॅस्टिकचा, हवा भरलेला, बैलगाडीएवढा लांब. मान माणसाच्या उंचीची आणि पाठीवर दोघे ऐसपैस बसतील एवढी जागा.

“बघ, कसा दगड झालाय,” हंसाच्या पोटावर थाप मारत युवराज म्हणाला. ढोलकीसारखा आवाज आला.

“नाद न्हाय भावा!” फोटोग्राफर शंभूराज म्हणाला. हंस त्याचाच होता, चार दिवसांपूर्वी मागवलेला. “बारामतीत एवढं जण प्री-वेडिंग करत्यात, पण हंस एकाकडं बी न्हाय. आज तुमच्या हातनं उद्घाटन.”

युवराज कोऱ्हाळे बुद्रुकचा. लोणी देवकरच्या एका कारखान्यात सुपरवायझर. लग्न बावीस दिवसांवर आले होते. नवरी उत्कर्षा इथलीच, पळसदेवची. ती इंदापूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. उन्हाळ्यात धरणाचे पाणी ओसरले की इथले जुने देऊळ उघडे पडते. त्या देवळासमोर, पाण्यावर, हंसावर बसलेले दोघे, अशी शंभूराजची कल्पना होती. उत्कर्षाला ती फारशी पटली नव्हती. पण युवराज चार दिवस त्या हंसाबद्दल इतके बोलला होता, की ती गप्प बसली.

अडचण एकच होती आणि ती छत्री घेऊन बाभळीखाली बसली होती. ठमाबाई, युवराजची आत्या. त्याची आई लवकर गेली, तेव्हापासून त्याला त्यांनीच वाढवले. घरात त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. त्यांनी हो म्हटले म्हणून हे लग्न ठरले होते आणि त्यांनी नाही म्हटले तर ते मोडेल, हेही सगळे जाणून होते.

“हळद लागायच्या आधी नवरा-नवरीनं पान्यात जाऊन बसायचं, ही कुठली रीत काढली म्हनायची?” त्या विचारत होत्या. “आन मला धारंच्या आत घरी पोचवा. आमची म्हस दुसऱ्याला हात लावू देत न्हाय.”

म्हशीपुढे शंभूराजचे काही चालले नाही. संध्याकाळचा मऊ उजेड त्याने सोडून दिला आणि तीन वाजता फोटो काढायचे ठरले. सगळे जेवायला घरात गेले. हंस एकटाच कातळावर तापत बसला.

तीन वाजता उत्कर्षाचे वडील महिपतराव यांनी आपली होडी काढली. ते शेती करून मासेही धरत. काठावरच्या प्रत्येक खड्ड्याची त्यांना माहिती.

“देवळाच्या अंगाला दोन पुरुस खोल पानी हाय,” ते म्हणाले. “पर काळजी न्हाय. पोरगी माशावानी पवती. आन जावईबापूंच्या बायोडेटातच लिवलंय, छंद म्हून. पोहणे.”

युवराज हसला. ते हसू जरा उशिराच आले.

शेरवानी-फेट्यातला युवराज आणि हिरव्या पैठणीतली उत्कर्षा हंसावर बसले. महिपतरावांनी हंसाला दोरी बांधून होडीने ओढत नेले, मग दोरी सोडून होडी बाजूला घेतली. शंभूराज काठावरच्या उंच दगडावर कॅमेरा घेऊन उभा राहिला.

“एकमेकांकडं बघा! प्रेमानं! युवराज, तू ऊसतोडीच्या मुकादमाकडं बघितल्यावानी बघतूयास!”

तीन फोटो झाले. चौथ्याच्या वेळी हंसाची मान थोडी खाली गेली.

“व्वा!” शंभूराज ओरडला. “हंस लाजला बघा!”

हंस लाजतच राहिला. त्याची मान आधी देवळाकडे झुकली, मग मागे वळली आणि हळूहळू येऊन युवराजच्या खांद्यावर विसावली. चोच थेट त्याच्या फेट्यात. पाठोपाठ दोघांच्या खालची गादी मऊ झाली, मध्ये खळगा पडला आणि त्या खळग्यात उजनीचे गार पाणी शेरवानीला येऊन भिडले.

“पंक्चर!” युवराज किंचाळला. “पंक्चर झाला!” आणि त्याने उत्कर्षाच्या गळ्याला मिठी मारली.

“व्वा! तसंच धरा!” शंभूराज ओरडला.

“जावईबापू, घाबरू नगा!” महिपतरावांनी वल्हे मारले. “उडी टाका आन पवत या की!”

“मला पवाय येत न्हाय!”

महिपतरावांचे वल्हे हवेतच थांबले. काठावर ठमाबाई छत्री टाकून उभ्या राहिल्या.

“मग बायोडेटात?”

“रकाना मोकळा दिसत हुता!”

उत्कर्षाने एका हाताने हंसाची मान बाजूला केली, दुसऱ्या हाताने युवराजची मिठी सैल केली आणि वर्गात बोलावे तशा आवाजात म्हणाली, “हलू नका. मऊ झालाय, रिकामा नाही झाला. आपण बुडत नाही.”

पण युवराजचा विश्वास विज्ञानावरून उडाला होता. महिपतरावांनी त्याला शेरवानीच्या कॉलरला धरून होडीत घेतले. उत्कर्षा स्वतःच उतरली आणि पैठणीसकट चार हात मारून तिने होडीची कड धरली. हे बघून ठमाबाईंनी तोंडावर हात ठेवला. भाचा ओरडतोय आणि भाचेसून पोहतेय, यातले जास्त धक्कादायक काय, हे त्यांचे त्यांना ठरेना.

“अजून एक बी धड फोटू न्हाय!” शंभूराज काठावरून रडकुंडीला आला. “पंप होडीत ठिवलाय मी! हवा मारा!”

महिपतरावांनी पंप मारला. हंसाने मान उचलली, छाती काढली. तरी ते थांबले नाहीत. पुन्हा फजिती नको म्हणून त्यांनी आणखी वीस-पंचवीस वेळा पंप दाबला. हंस पहिल्याहून टणक झाला. पण युवराज परत त्यावर बसायला तयार होईना. तो होडीच्या तळाशी बसून फक्त मान हलवत होता. शेवटी होडी वळवली. हंसाला ओढत काठावर आणले आणि पुन्हा त्याच कातळावर चढवले.

आता भोक शोधायचे होते. महिपतरावांनी येताना हंस पाण्यात दाबदाबून बघितला होता. बुडबुडा एकही आला नव्हता.

“ह्याला भोक न्हाय,” त्यांनी निकाल दिला.

“भोक न्हाय, तर हवा कुठं गेली?” ठमाबाई म्हणाल्या. “पोरीच्या आंबाड्यात किती आकडं हायती बघा. त्यातलाच एखादा लागला आसंल.”

“आकडा लागला असता तर पुन्यांदा हवा राहिली असती का, आत्याबाई?” महिपतरावांनी संयमाने विचारले. पण पुढच्या वाक्याला तो संयम पुरला नाही. “आन आमच्या पोरीचं आकडं मोजन्यापरीस तुमच्या बायोडेटातली भोकं मोजा. पवायचं खोटं लिवलं. अजून काय काय लिवलंय?”

“आमच्या पोरानं खोटं लिवलं?”

“त्यानं आत्ताच सांगितलं की!”

“भ्यालेलं पोरगं काय बी बोलतं! आन दोन पुरुस पान्यात नेऊन तुमी त्याची परीक्षा घ्यायला लागला व्हय? बुडाला असता म्हंजे?”

“ह्यो हंस काय मी आणला?”

सगळे शंभूराजकडे बघू लागले. तो एकदम कॅमेऱ्याची काच पुसायला लागला.

शब्दाने शब्द वाढत गेला. साखरपुड्यात मानाची टोपी कुणाला राहिली, जेवणात मठ्ठा कुणाला पोचला नाही, हे सगळे बाहेर आले. ओल्या शेरवानीतला युवराज मध्ये उभा राहून “आत्या, आत्या” आणि “मामा, मामा” म्हणत होता. बावीस दिवसांवर आलेले लग्न एका प्लॅस्टिकच्या पक्ष्यापायी जाते की काय, असे त्याला वाटू लागले होते. आणि खोटे आपणच लिहिले होते, हेही त्याला टोचत होते.

“मोडायचं का?” ठमाबाई शेवटी म्हणाल्या. “सांगा. आत्ता मोडू.”

महिपतराव उपरण्याने कपाळ पुसत राहिले.

तेवढ्यात पदर पिळत उत्कर्षा पुढे आली.

“बाबा, आत्याबाई, हवा कुठंच गेली नव्हती,” ती म्हणाली. “दुपारी भरली तेव्हा ती उन्हानं तापलेली होती. तापली की हवा पसरते. हंस पाण्यात गेला, आतली हवा गार झाली. गार झाली की आकसते. हवा तेवढीच, पण तिला जागा कमी लागली, म्हणून हंस ढिला पडला. कुणाचा आकडा नाही लागला न् कुणाचा काटा नाही.”

ठमाबाईंनी एकदा हंसाकडे, एकदा तिच्याकडे बघितले.

“म्हंजे हवा हुती, पर नव्हती?”

“होती. पूर्ण होती.”

“मला येडी समजतीस व्हय गं?” ठमाबाई म्हणाल्या. बाभळीची सावली केव्हाच सरकली होती. त्या तणतणत हंसाच्या सावलीत गेल्या आणि त्याच्या फुगलेल्या पोटाला पाठ टेकून खाली बसल्या. “सांग, सांग तुझं पुढचं. शिकलेली हायस.”

“पुढचं सोपंय, आत्याबाई. आता बाबांनी गार पाण्यात असताना त्यात आणखी हवा भरली. तोच हंस आता परत उन्हात...”

उत्कर्षा थांबली. हंसाच्या शिवणीतून ‘कुर्रर्र’ असा बारीक आवाज आला. मान इतकी ताठली होती, की चोच आभाळाकडे गेली होती. नववीच्या परीक्षेत तिने स्वतः हाच प्रश्न काढला होता, चार गुणांना. त्याचे उत्तर आता ठमाबाईंच्या पाठीला टेकले होते.

“आत्याबाई, तिथनं उठा.”

“का?”

“उठा आधी!”

“ऐका!” ठमाबाई सगळ्यांकडे बघत म्हणाल्या. “अजून माप वलांडलं न्हाय, तवर मला उठवाय लागली! म्या न्हाय उठत. बघू काय करतीस.”

उत्कर्षाने काय केले, ते बघून महिपतरावांच्या हातातले उपरणे गळाले. तिने धावत जाऊन होणाऱ्या आत्येसासूचे दोन्ही दंड धरले आणि शेतातून पेंढी ओढावी तसे त्यांना कातळावरून ओढले. ठमाबाईंचा पदर एकीकडे, चप्पल दुसरीकडे. “आरं, मारती की मला!” एवढेच त्या ओरडू शकल्या.

आणि हंस फुटला.

तो आवाज कसा होता, हे पळसदेवात अजून वेगवेगळे सांगतात. कुणी म्हणते सुरुंग, कुणी म्हणते ट्रॅक्टरचे टायर. पाण्यावरचे सगळे बगळे एकदम उठले. हंसाची मान भिरभिरत बाभळीवर जाऊन लटकली. छत्री उलटी होऊन पाण्यात गेली. केळीच्या वावरातून दोन माणसे खोरी घेऊनच पळत आली आणि “कुठं झालं? कुठं झालं?” विचारू लागली.

ठमाबाई मघा बसल्या होत्या, तिथे पांढऱ्या चिंध्या पडल्या होत्या.

“म्या तितं बसली हुती,” त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, “म्या तितं बसली हुती.” मग त्यांनी आपल्या दंडाकडे बघितले. उत्कर्षाची बोटे अजून तिथेच रुतलेली होती.

“सोड की आता.”

उत्कर्षाने हात सोडले. ठमाबाईंनी पुन्हा त्या चिंध्यांकडे बघितले.

“न्हाय, न्हाय. धर. धरूनच ऱ्हा.”

महिपतरावांनी होडीतून पाण्याची कळशी आणली. ठमाबाई दोन घोट प्यायल्या, उरलेले त्यांनी डोक्यावर ओतून घेतले आणि ओल्या तोंडानेच म्हणाल्या, “पाव्हणं, मघाचं मोडायचं बोलली ते काय डोक्यात धरू नगा. ऊन लागलं हुतं मला.”

“मला बी लागलं हुतं,” महिपतराव घाईघाईने म्हणाले.

शंभूराज मात्र बाभळीखाली उभा राहून वर लटकलेल्या मानेकडे बघत होता. कर्ज काढून घेतलेली म्हैस मेल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. बऱ्याच वेळाने त्याने कॅमेरा उघडून बघितला. स्फोटाच्या वेळी दचकून त्याचे बोट बटणावर दाबले गेले होते, ते तसेच राहिले होते. अकरा फोटो निघाले होते.

तो एकेक बघत गेला आणि सातव्यावर थांबला. “आत्याबाई,” तो हळूच म्हणाला, “हिकडं या. ह्यो बघा.”

लग्नाच्या दिवशी कोऱ्हाळ्यात मांडवाच्या तोंडाशी दहा फुटी फ्लेक्स लागला. ठमाबाईंनी स्वतः निवडलेला सातवा फोटो. पाठीमागे उजनीचे पाणी आणि जुने देऊळ, आभाळात बगळ्यांचा थवा, हवेत पांढऱ्या चिंध्यांचा पाऊस. आणि मधोमध हिरव्या पैठणीतली नवरी ठमाबाईंना दोन्ही हातांनी ओढतेय, दोघींची तोंडे उघडी, पदर वाऱ्यावर. खाली ‘शुभविवाह’.

पाहुणे येत, थबकत, बराच वेळ बघत. शेवटी बारामतीहून आलेल्या एका वयस्कर बाईने विचारलेच, “ठमाबाई, नवरी दिसली, तुमी दिसला. पर नवरदेव कुठाय ह्यात?”

ठमाबाईंनी फ्लेक्सच्या खालच्या कोपऱ्याकडे बोट केले. तिथे शेरवानीतला एक माणूस जमिनीवर पालथा पडून दोन्ही हातांनी डोके झाकून होता.

“त्यो काय,” त्या म्हणाल्या. “आमच्या पाया पडतोय.”