प्लास्टिकात घातलेलं लग्न

आमच्या केरी गावात कुणाच्या हातात नवा कागद दिसला की शेजारचा बाबलकाका तो लॅमिनेट करून टाकतो. विचारत नाही, टाकतोच. शाळेतल्या कारकुनीतून निवृत्त झाल्यावर त्याने ते यंत्र घेतलं आणि वाड्यावरचा एकही कागद मोकळा राहिला नाही. "कागद म्हणजे पाव," तो म्हणतो, "हवा लागली की तो गेलो." एक्सरे मुळात प्लास्टिकचाच असतो हे मी सांगेपर्यंत माझा गुडघा यंत्राच्या पलीकडून बाहेर आला होता. देवळात देवाने पाकळ्या पाडून दिलेला कौलसुद्धा त्याने असाच बंद केला. देवाला पुन्हा विचार करायची सोयच ठेवली नाही.

त्याचा मुलगा निलेश मुरगाव बंदरात कामाला. शनिवारी घरी येतो. एका शनिवारी तो लग्न करूनच आला. बायकोचं नाव नोय, थायलंडची. इथल्या एका हॉटेलात थाई जेवण रांधायला आलेली. काकाने तिचा जन्मदाखला चिमटीत धरून पाहिला आणि कागद फार पातळ आहे एवढीच हरकत घेतली. पुढे भांडणं झाली ती माशांच्या हुमणात साखर घालण्यावरून. नोय इथल्या सुनांसारखी सासऱ्याला मामा म्हणायची आणि साखर घालायचीच.

मग हॉटेलने थाई जेवण बंद केलं. नोयचा व्हिसा नोकरीचा, तेव्हा नोकरीबरोबर तोही जाणार. सरकारच्या लेखी ती आजवर स्वयंपाकीण होती आणि फावल्या वेळात सून. आता पूर्ण वेळ बायको असल्याचा व्हिसा घ्यायचा, नाहीतर देश सोडायचा. हातात आठ दिवस.

निलेशला रजा मिळेना, म्हणून काका, नोय आणि मी असे तिघं पणजीला गेलो. तिथल्या व्हिसाच्या कचेरीतल्या साहेबाने लग्नाचा दाखला हातात घेतला, वाकवून पाहिला आणि यावर शिक्का कुठे मारू म्हणून विचारलं. लग्न टिकावं म्हणून काकाने तो दुसऱ्याच दिवशी प्लास्टिकात घातला होता. साहेब म्हणाला, नवी प्रत आणा.

घरी येऊन काकाने यंत्राची वायर गुंडाळली आणि ते खाटेखाली सारलं. मग दाखल्याच्या नव्या प्रतीसाठी पेडण्याच्या कचेरीत तीन फेऱ्या झाल्या. एकदा कारकून रजेवर, एकदा फोटो कमी, तिसऱ्यांदा प्रत मिळाली. ती चुरगळू नये म्हणून त्याने दोन्ही हातांत धरली. बसची दांडी धरायला हात उरला नाही, त्यामुळे केरीपर्यंत तो प्रत्येक वळणावर माझ्या अंगावर पडत होता.

व्हिसा मिळाला, हे आधीच सांगून टाकतो. पण त्याआधी चौकशीला पोलीस आला. नवरा मुरगावला, बायको इथे, मग एकत्र राहतात ते कसे, असा त्याचा सवाल. काका त्याला पडवीच्या टोकाला घेऊन गेला आणि अर्धा तास जबाब देत बसला.

शेजारी म्हणून साक्षीची सही माझी. मी कागद वाचला. नावं, घर नंबर, लग्नाची तारीख. आणि शेवटी एक ओळ: 'सून घरात नसली तर मला घास उतरत नाही.'

पोलीस मला हळूच म्हणाला, याचा व्हिसाशी काही संबंध नाही, मी काढतो म्हटलं तर हा ऐकत नाही.

काका माडांकडे बघत होता. "आसू दे थंय," तो पोलिसाला म्हणाला. "खरां तां सांग म्हणून तूच सांगलंस मरे."

काकी गेल्यावर नोय घरात येईपर्यंत सात वर्षं हा माणूस दोन्ही वेळा पेज पीत होता. पेजच बरी पचते असं सांगायचा आणि आम्ही सगळ्यांनी ते खरं मानलं होतं. मी सही केली.

आतून नोयने हाक मारली, "मामा, जेवण थंड जातां."

पोलिसाचा निरोपही न घेता काका उठून आत गेला.