न्हाणीवरचे मास्तर

नाचणकर मास्तरांच्या घरी टीव्ही होता, आमच्या आळीतला पहिला. त्यावरचा मुलांचा कार्यक्रम आळीतल्या झाडून सगळ्या पोरांनी पाहिला, फक्त मास्तरांनी पाहिला नाही. दर रविवारी संध्याकाळी कार्यक्रम सुरू असताना मास्तर न्हाणीघराच्या स्लॅबवर अँटेनाचा दांडा धरून उभे असत.

ईरा, नील, तुम्ही फोनवर विचारलंत, "आजी, आम्ही पाठवलेला व्हिडिओ त्या आजोबांना आवडला का?" त्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं देता येईना, म्हणून हे लिहायला बसले. मला गोष्टी क्रमानं लावल्याशिवाय चैन पडत नाही, हे तुमची आई सांगेलच. माझे डाळींचे डबे अजून एबीसीडीच्या क्रमानं उभे असतात. तेव्हा मास्तरही तुम्हाला क्रमानंच मिळतील.

आमचं घर आणि मास्तरांचं घर यांच्यामध्ये फक्त एक चिऱ्यांचा गडगा आहे. मी लग्न होऊन रत्नागिरीला आले तेव्हा त्या गडग्यावर कोपरं टेकून मास्तरांनी मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता, "वहिनी, मुंबईच्या कॉन्व्हेंटात सतराचा पाढा शिकवतात काय हो?" मी म्हणाले, "शिकवतात, पण इंग्रजीतून." मास्तर म्हणाले, "मग येत नाही असंच धरून चालू."

ते हायस्कुलात गणित शिकवत. उंच, काटक, नाकावर जाड चष्मा, आणि भुवया अशा की त्यांना वेगळा कंगवा लागावा. त्यांनी कधी कुणा मुलाला मारल्याचं मी ऐकलं नाही. मारायची गरजच पडत नसे. मास्तर रस्त्यानं येताना दिसले की विटीदांडू खेळणारी पोरं दांडू पाठीमागे धरून उभी राहत, आणि मास्तर वळणावर नाहीसे होईपर्यंत आळीत पान हलत नसे. तुमच्या आईला, म्हणजे आमच्या मंजूला, तर मास्तरांना बघून उचकी लागायची आणि मास्तरांना बघूनच थांबायची.

अशा माणसानं एके दिवशी टीव्ही आणला. मास्तर आणि त्यांच्या बायको माई, घरात दोघंच. मूलबाळ नव्हतं. मास्तरांना सिनेमाची आवड नाही, माईंना बातम्या ऐकून झोप येई. मग हे खोकं कुणासाठी, असं आळीनं आपापसात विचारून घेतलं. मास्तरांना विचारायची कुणाची छाती नव्हती.

रविवारी माईंनी गडग्यावरून हाक मारली, "मंजूला पाठव गो. पोरांचा कार्यक्रम असतो म्हणे. आठळ्या उकडल्येत." आठळ्या म्हणजे फणसाच्या बिया. त्या आमिषानं आळीतली सगळी पोरं मास्तरांच्या पडवीत चपला ओळीत लावून बसली आणि समोर टीव्हीत नुसत्या मुंग्या. चित्र मुंबईहून निघे, आणि एवढी किनारपट्टी तुडवून रत्नागिरीला पोचेपर्यंत त्याचा जीव गेलेला असे.

अँटेना न्हाणीघरावर होती, कारण त्या कौलारू घरात स्लॅब काय ती तेवढीच. मास्तर शिडी लावून वर चढले, दांडा फिरवला आणि वरून त्यांचा तो प्रसिद्ध प्रश्न आला.

"दिसतंय की भासतंय?"

पोरं घाबरून गप्प. शेवटी माई म्हणाल्या, "भासतंय हो. वायच डावीकडे घ्या."

वायच डावीकडे, वायच उजवीकडे करता करता एकदम चित्र लखलखीत आलं. पोरं ओरडली, "दिसतंय, दिसतंय." मास्तरांनी समाधानानं दांडा सोडला. चित्र गेलं. पुन्हा धरला, चित्र आलं. चित्राला मास्तरांचा हात हवा होता. तुमचे आजोबा विज्ञान शिकलेले, त्यांनी मला त्याचं कारण नीट समजावून सांगितलं होतं, पण आळीला माईंचं स्पष्टीकरण पटलं. "त्यांना घाबरून येतं ते," माई म्हणाल्या.

त्या दिवसापासून मास्तरांची जागा ठरली. पावसाळ्यात छत्री घेऊन चढायला लागले, तेव्हा असा शोध लागला की उघडी छत्री डोक्यावर असली तर चित्र आणखी स्वच्छ येतं. मग काय, मे महिन्याच्या उन्हात, थंडीत, चतुर्थीला, बारा महिने एका हातात दांडा आणि एका हातात उघडी छत्री. नवीन आलेल्या पोस्टमननं एकदा खालून हात जोडले होते. त्याला वाटलं, काही अनुष्ठान असेल.

कार्यक्रम साधाच होता. एक जाडा बाहुला, त्याच्याशी भांडणारी एक बाहुली, आणि दोघांचं भांडण सोडवून गाणं शिकवणाऱ्या एक ताई. बाहुला प्रत्येक वेळी धपकन पडायचा आणि पोरं हसून लोळायची. मी गडग्याच्या अलीकडे तांदूळ निवडत बसलेली असायची, तिथपर्यंत ऐकू यायचं.

कार्यक्रम संपला की मास्तर उतरत, पाय धुऊन पायरीवर बसत, आणि पोरं एकमेकांमागे सरकत. कारण आता तोंडी परीक्षा. "आज काय झालं ते सांगा. दिसलं तेवढंच सांगायचं, भासलेलं नको."

सुरुवातीला पोरं त-त-प-प करत. बाहुला पडला, बाहुली हसली, संपलं. मास्तर म्हणत, "एवढ्यासाठी मी तासभर उन्हात?" मग पोरांना वाटलं, उत्तर लांब हवं. परीक्षेत पुरवणी जोडतात तशी त्यांनी गोष्ट वाढवायला सुरुवात केली. बाहुली रुसून माहेरी गेली. कुठे? हेदवीला. कशी गेली? इथे तुमच्या आईनं, जिला मास्तरांसमोर उचकी लागायची तिनं, मान खाली घालून सांगितलं, "एस्टीनं."

मास्तरांच्या भुवया वर गेल्या. "कुठली एस्टी? खेडची की चिपळूणची?"

"चिपळूणची."

"गुहागरला बदलली असेल."

"होय. आणि तिला आणायला गेलेल्या बाहुल्याला उभं राहावं लागलं. तो जाडा ना, कुणी जागा देईना."

मास्तर गंभीरपणे म्हणाले, "बरोबर आहे. पुढच्या रविवारी बघा ती परत येते काय." झालं. तिथून पुढे दर रविवारी एस्टी येऊ लागली. मुंबईच्या त्या बिचाऱ्या बाहुल्यानं मांडवीच्या जेटीवर काजूच्या बिया विकल्या, भाट्याच्या पुलावर त्याची टोपी उडाली, अलोऱ्याला मावशीकडे जाऊन तो ताकाच्या रांजणात पडला. मुंबईत कार्यक्रम बसवणाऱ्यांना याचा पत्ताही नव्हता.

पुढे टेकडीवर मनोरा उभा राहिला आणि चित्र घरोघरी आपसूक स्वच्छ दिसू लागलं. दांडा धरायची गरज उरली नाही. मास्तर मात्र रविवारी शिडी लावतच राहिले. मी म्हणाले, "मास्तर, आता बसा की खाली पोरांबरोबर." तर म्हणाले, "वहिनी, सरकारी मनोरा आहे. भरवसा काय?"

त्यांचा तो प्रश्न मात्र न्हाणीवरून उतरून गावभर फिरला. मासेबाजारात बांगड्याच्या टोपलीवर वाकून ते विचारत, "ताजा दिसतोय की भासतोय?" कोळीण म्हणे, "मास्तर, मासा हाय, गणित नाय. घ्यायचा तर घ्या." मोतीबिंदूच्या वेळी डॉक्टरांनी पाटीवरची अक्षरं दाखवून "दिसतंय का?" असं विचारलं, तर मास्तरांनी त्यांना प्रश्न अपुरा आहे म्हणून सुनावलं.

पोरं मोठी झाली. मुंबईला गेली, बोटीवर गेली, तुमची आई तर जगाच्या पार खालच्या टोकाला गेली. टीव्ही बिघडला. माई गेल्या. दांडा गंजून अजून तसाच उभा आहे, त्यावर सकाळी एक खंड्या येऊन बसतो.

आता मास्तर नव्वदीला टेकलेत. पुण्याचा पुतण्या त्यांना कायमचं न्यायचं म्हणतो. चांगला मुलगा आहे, त्याचंही बरोबर आहे. या वयात एकट्यानं विहिरीचं पाणी काढायचं म्हणजे काळजीच. गणपती झाल्यावर मास्तर एका सकाळी गडग्याशी आले. हल्ली कोपरं टेकायला त्यांना वाकावं लागत नाही, तेच वाकलेत.

"वहिनी, दिवाळीनंतर नेणार मला. नारळीचं आगर बघायला माणूस ठेवला. देव पुतण्याकडे दिले. एकच काम राहिलंय."

"कसलं?"

"तो कार्यक्रम. एकदा बघायला हवा. एवढी वर्षं उभा राहिलो, काय होतं ते बघायलाच नको? तुमच्या त्या फोनात सगळं असतं म्हणतात."

म्हणून मी तुम्हाला कामाला लावलं. तुम्ही शोधून पाठवलात तो तुकडा पाहून मला स्वतःला एवढा आनंद झाला की मी तो आधी तीनदा पाहिला. तोच जाडा बाहुला, त्याच ताई. मग रविवारची संध्याकाळ ठरवली, आमच्या पडवीत मोठ्या टीव्हीवर तो लावायची सोय केली, आठळ्या नव्हत्या म्हणून शेंगा उकडल्या. मास्तर इस्त्रीचा सदरा घालून आले. हातात छत्री. आभाळ निरभ्र होतं.

कार्यक्रम सुरू झाला. मास्तर पुढे झुकून बघत होते.

"हाच तो जाडा?"

"हाच."

"बरा आहे. एस्टी केव्हा येते?"

"मास्तर, एस्टी नव्हतीच त्यात. ती आपल्या पोरांनी..."

"ते ठाऊक आहे हो. हेदवीला मुंबईचे बाहुले कशाला मरायला जातायत? मी आपलं विचारलं."

बाहुला धपकन पडला. मी हसले. मास्तर हसले नाहीत. बाहुला पुन्हा पडला, ताईंनी गाणं सुरू केलं, आणि मास्तर उठून अंगणात गेले. टीव्हीकडे पाठ करून, पडवीच्या खांबाला हात लावून उभे राहिले. मला वाटलं, चक्कर आली. मी पाणी घेऊन धावले.

"काय झालं? दिसत नाही का नीट?"

"दिसतंय. अगदी स्वच्छ दिसतंय." मास्तरांनी पाण्याचा पेला घेतला, प्यायले नाहीत. "पण वहिनी, हे ते नव्हे. ह्यात पोरं कुठे आहेत?"

मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले.

"वर्गात शिरलो की पोरं चिडीचूप. वाटेत भेटलो की चिडीचूप. खाली येऊन बसलो असतो तर पडवीतपण चिडीचूप झाली असती. वर उभा राहिलो की कौलांतून हसू वर यायचं. मी दिसत नव्हतो ना त्यांना." मग म्हणाले, "कोण हसतंय ते मला आवाजावरून कळायचं. तुमची मंजू हसायची तशी दुसरं कुणी नाही. मध्येच श्वास ओढायची, बंबातलं पाणी उकळतं तशी."

"म्हणजे मनोरा झाल्यावर दांडा धरायची गरज नव्हती हे तुम्हाला ठाऊक होतं."

"नव्हतीच गरज," मास्तर म्हणाले. "माईला कळलं होतं. शिडी तीच धरायची."

मागे ताईंचं गाणं संपलं. मी टीव्ही बंद केला. आम्ही दोघांनी शेंगा खाल्ल्या. मास्तरांनी टरफलं नीट एका पानात गोळा केली आणि छत्री उचलून गडग्याच्या वाटेनं घरी गेले.

आता आवडला की नाही, ते तुम्हीच ठरवा. मी मात्र पुतण्याला फोन करून सांगितलंय की मास्तरांना दिवाळीनंतर नव्हे, नाताळानंतर न्यायचं. तोवर त्यांच्या पाण्याचं मी बघेन. तो आढेवेढे घेत होता, पण मी त्याच्याशी इंग्रजीत बोलले, मग लवकर कबूल झाला.

तुम्ही डिसेंबरात याल, तेव्हा पहिल्याच रविवारी दोघांनी चपला ओळीत लावून मास्तरांच्या पडवीत बसायचं. आमचा टीव्ही तिथे नेऊन ठेवू. आळीत सध्या असतील नसतील ती पोरं मी गोळा करते. कार्यक्रमातली सगळी भाषा तुम्हाला कळणार नाही, हरकत नाही. बाहुला पडतो ते कळेल. मास्तरांना मी स्लॅबवर चढू देणार नाही. न्हाणीच्या मागे, कुणाला दिसणार नाही अशी खुर्ची टाकून देईन. ते छत्री उघडून बसतील आणि तिथून ओरडून विचारतील. त्याला काय उत्तर द्यायचं ते आईला ठाऊक आहे. आईलाही तुमच्यामध्ये बसवा.

कार्यक्रम संपला की ते पायरीवर येतील आणि आज काय झालं ते विचारतील. घाबरू नका. बाहुल्याला एस्टीत नक्की बसवा, आणि ती खेडची की चिपळूणची ते आधीच ठरवून ठेवा.