बापूकाकांची चांदी

आमच्या बिल्डिंगमधल्या, वरच्या मजल्यावरच्या बापूकाकांकडे जेवायला गेलं की वरण स्टीलच्या डावाने वाढलं जातं, आणि चांदीचं ओगराळं शेजारी मखमलीवर अध्यक्षासारखं बसून ते बघत राहतं. वरण उडालं तर काका आधी ओगराळ्याची विचारपूस करतात. पाहुण्याचा हात भाजला असेल तर तो नंतर.

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात जन्मभर कोळशाची राख बघितल्यामुळे माणूस चकाकीला भुलला असावा. सराफ बाजारात कुणाची जुनी मोड वितळायला निघाली की यांना घरबसल्या वास येतो. भट्टीच्या तोंडातून ओढून आणलेल्या पळ्या, झारे, डाव यांची घरात फौज आहे, आणि प्रत्येकाला कुळ आहे. "हा दांड्यावरचा मोर बघा. आपल्या अख्ख्या बिल्डिंगपेक्षा खानदानी! हात नको, हात नको!" आमच्या भांड्यांबद्दल मत एकच, "स्टील म्हणजे धातूची झेरॉक्स." पावसाळ्यात चांदी काळवंडू नये म्हणून काका श्वाससुद्धा तोंड फिरवून सोडतात.

आमच्या चिमीचं उष्टावण ठरलं. पहिला घास चांदीच्या चमच्याने भरवायचा. आमचा चमचा लॉकरमध्ये, आणि लॉकरची किल्ली बायकोच्या मते माझ्याकडे, माझ्या मते तिच्याकडे. ती काकांकडे मागायला निघाली.

"किडनी माग," मी म्हणालो, "ती पटकन देतील."

पण काका आले. तबकात मोराची ती नाजूक पळी, तबकावर रुमाल, आणि मागे पहारेकऱ्याच्या चेहऱ्याने स्वतः. "ओरखडा चालणार नाही," त्यांनी दारातच जाहीर केलं.

घास मामाने भरवायचा. चिमीचा मामा म्हणजे माझा मेहुणा सुदाम, निफाडचा द्राक्षबागायतदार. त्याने मांडी घातली की खालचा पाट दिसेनासा होतो. चिमीने खीर चाटली, पळी हिसकावली आणि दिली भिरकावून. सुदाम ती शोधायला उठला, सापडेना म्हणून परत बसला. नेमका कशावर बसला, ते आवाजावरून सगळ्यांना कळलं.

पळीची घडी झाली होती. मोर स्वतःच्या पायाशी वाकला होता.

"लय पातळ हाय की वो ही, काका," सुदाम म्हणाला. "दाजी, आमच्या बागंची तार बी हिच्याहून जाड असती!"

काकांनी पळी उचलली. तिला खीर लागली होती, चिमीची लाळ लागली होती. पुसायला काढलेला रुमाल तसाच हातात राहिला.

"काका, मी सरळ करून आणतो," मी म्हणालो.

"खबरदार!"

काकांनी मोराच्या वाकलेल्या मानेवरून अंगठा फिरवला. बोलले तेव्हा आवाज ओळखू येईना.

"आमच्याकडे कधी कुणी काही फेकलंच नाही हो. आमची ही म्हणायची, एक तरी भांडं पोचे आलेलं हवं होतं घरात. गेली बिचारी सगळी घासून चकचकीत ठेवून."

चिमीने हात पुढे केला आणि भोकाड पसरलं.

काका गडबडीने उठले. "रडू नको गं, रडू नको. वरून मोठा डाव आणतो. जड आहे, दाणकन आवाज येईल!"