थिसलथ्वेट साहेबांचं आडनाव

थिसलथ्वेट साहेब हाताआधी आडनाव पुढे करतात. इथे आखातात, रुवीतल्या आमच्या ऑफिसात ते सेफ्टी मॅनेजर आहेत, पण आग लागली तर काय करायचं हे कळण्याआधीच माणूस त्यांचं आडनाव ऐकून दमलेला असतो. "थ्वेट म्हणजे झाडं तोडून मोकळं केलेलं रान. थिसल म्हणजे काटेरी झुडूप. आम्ही उत्तर इंग्लंडचे. व्हेरी फ्यू ऑफ अस लेफ्ट!" शेवटचं वाक्य छाती काढून.

रुस्ताकच्या बाजारात त्यांनी हे हलवेवाल्यालाही ऐकवलं. तो बिचारा हलवा ढवळत "इन्शाल्ला, इन्शाल्ला" म्हणत राहिला. कुठल्याही हॉटेलात गेले की काउंटरवर पहिला प्रश्न, "माझ्या आडनावाचं कुणी उतरलंय का?" आजवर कुणी उतरलेलं नाही.

खोटं कशाला सांगू, माझा नुसता जळफळाट व्हायचा. मी कांबळे. ऑफिसात आम्ही तिघे, त्यातला मी 'कांबळे टू'. माझं पार्सल कांबळे वनकडे जातं आणि त्याची बोलणी मला बसतात. शिवाय आपल्याकडे "आडनाव काय?" विचारणाऱ्याला रानाशी देणंघेणं नसतं, त्याला जात काढायची असते. आणि हा गृहस्थ काट्याकुट्यांचं आडनाव दागिन्यासारखं मिरवतो!

परवा बरका गावातल्या एका फार्मवर आम्हा मराठी मंडळींची सहल होती. साहेबांनाही नेलं होतं. पावभाजी वाढणारा शिंदे ओरडला, "ओ कांबळे, यल्ला, चला लवकर! भाजी खलास होतेय!" सात-आठ माना एकदम वळल्या. सगळे खो-खो हसले.

साहेब हसले नाहीत. "हे सगळे तुझे नातेवाईक?"

"नाही सर, नुसतं आडनाव एक. आम्ही आडनावबंधू म्हणतो."

"बंधू म्हणजे ब्रदर?"

"तसंच काहीसं."

ते त्या घोळक्याकडे बघत राहिले. "वडील गेल्यापासून माझ्या आडनावाचा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. मला तुझा हेवा वाटतो, कांबळे."

माझा हेवा करणारा माणूस मला जन्मात पहिल्यांदाच भेटत होता.

हातातला पाव गार होईपर्यंत ते माझ्याकडून 'आडनावबंधू' हा शब्द घोटून घेत होते.

"कशाला एवढा त्रास, सर?"

"कधी कुणी भेटलाच," ते म्हणाले, "तर त्याला काय म्हणायचं, ते यायला हवं ना."