तिसऱ्या बाकावरचा सेक्रेटरी

माणूस पारखावा तर आम्हीच! पोलाद कारखान्यातल्या मिलमधला फोरमन मी. वेल्डर नुसता चालत आला, तरी त्याचा जॉइंट टिकेल की नाही ते सांगतो. म्हणून यंदा, सत्त्याऐंशी साली, खुर्सीपारच्या आमच्या मराठी शाळेत नवीन माणूस नेमायची वेळ आली, तेव्हा कमिटीचा सेक्रेटरी या नात्याने मी छाती ठोकली, "रविवारी दुपारपर्यंत माणूस हजर!"

काम जरा नव्या तऱ्हेचं होतं. मागे पडणाऱ्या मुलांचे तीन गट करायचे. थोडं अडलेल्यांना वर्गातच मदत, जास्त अडलेल्यांची छोटी तुकडी, आणि पार रुतलेल्यांना एकेकट्याला बसवून शिकवणं. कोणाला कुठे बसवायचं, कोणाला वर सरकवायचं, कोणाच्या आईबापाशी बोलायचं, हे सगळं सांभाळणारं कोणीतरी हवं होतं. पद मंजूर झालं होतं, पण महिनाअखेरपर्यंत भरलं नाही तर रद्द! मग पोरं बसणार होती तिथेच रुतून.

"मुलाखतीत विचारायचं काय जी?" अध्यक्ष श्यामराव म्हणाले.

"विचारायचं कायले? ट्रेड टेस्ट घेऊ!"

प्लांटमध्ये वेल्डरला कोणी गोड गोड प्रश्न विचारत नाही. हातात होल्डर देतात आणि म्हणतात, जोड! तसंच उमेदवाराच्या हातात पोरं द्यायची. तीन गटांचे तीन बाक मांडायचे आणि मजा पाहायची. श्यामराव थक्क झाले. मीही झालो!

मग मी अडलेली पोरं गोळा करायला घरोघर फिरलो.

"आमचा मुन्ना अन् अडलेला?" कलावतीबाईंनी दारातच लाटणं उगारलं. "कोण म्हणते जी? समोर आणा त्याले!"

"अहो, नुसती टेस्ट आहे शाळेत..."

टेस्ट! एवढा शब्द पुरला. दोन दिवसांत साऱ्या खुर्सीपारमध्ये घोकंपट्टी सुरू झाली. रविवारी येऊन पाहतो तर तिन्ही बाकांवर तेल चोपडलेली, भांग पाडलेली, डोळ्यांत तेज असलेली पोरं! कोणी दुर्गहून हुशार मावसभाऊ आणवला होता. माझी लेक रमाही सातवीत होती, पण तिला मी फक्त फळा पुसायला आणलं होतं. रमाचं गणित उत्तम आहे, असं मी सगळ्यांना सांगत असे.

पहिले उमेदवार दुर्गचे विद्याधर मास्तर. ते थेट पार रुतलेल्यांच्या बाकाकडे गेले आणि लाडाने म्हणाले, "बाळ, सात आठे किती?"

"छप्पन! सतरा आठे एकशे छत्तीस! सत्तावीस आठे..."

मास्तरांनी घाईघाईने फळ्यावर भागाकार मांडला. दुसरा रुतलेला उठला. "सर, तुमचा चुकला."

"ही रुतलेली मुलं?" मास्तरांनी छत्री उचलली. "मग हुशार मुलं पाहायची माझी हिंमत नाही!" आणि ते जे निघाले ते पावर हाउस चौकात ऑटो मिळाल्यावरच थांबले असतील. व्हरांड्यातला दुसरा उमेदवारही त्यांच्या मागोमाग पळाला.

राहिल्या वासंती ढोबळे. नंदिनी नगरहून बसने आलेल्या, चपला तिथल्या खाणीतल्या चुनखडीच्या धुळीने पांढऱ्या. त्यांनी तिन्ही बाकांवरून नजर फिरवली.

"यांच्यात अडलेलं कोण आहे?"

मी श्यामरावांकडे पाहिलं, श्यामरावांनी छताकडे.

"बिना अडलेल्याची टेस्ट कशी होईन, वैरागडे?" ते कुजबुजले. "पद गेलं ना जी!"

पद जाणार? मी असताना? मी ताडकन उठलो आणि जाऊन तिसऱ्या बाकावर बसलो. गुडघे फळीखाली असे अडकले की हलता येईना.

"मी अडलेला पोरगा," मी डोळा मारून म्हणालो. "शिकवा!"

पोरं खिदळली. बाई मात्र हसल्या नाहीत. "वजा तीन मोठा की वजा सात?"

"वजा सात!"

"वा! अगदी मुलं चुकतात तसेच चुकलात. छान नक्कल केलीत."

"चुकलो?" माझा आवाज चिरकला. "मी तर खरं उत्तर दिलं!"

वर्गात असा हशा उठला की बाहेरची गाय दचकली! श्यामराव तर टेबलावर डोकं ठेवून हसत होते. मी उठू पाहिलं, पण गुडघे!

तेवढ्यात फळ्याजवळून बारीक आवाज आला. "मले बी तसंच वाटते."

रमा! हातात डस्टर, डोळ्यांत पाणी. "मले काहीच नाही समजून राहिलं. बाबा सगळ्याइले सांगतात का मले येते, म्हणून मी..."

बाई तिच्याजवळ गेल्या. "नंदिनीच्या खाणीत दोघं उतरले. एक तीन पायऱ्या, एक सात. वर कोण?"

"तीनवाला!"

"मग मोठा कोणता?"

"वजा तीन!" रमा ओरडली. मीही ओरडलो!

मग काय, मुन्नाने हात वर केला. "बाई, मले बी नाही येत. आईनं पाठ करून घेतलं." पाठोपाठ आणखी हात. वासंतीबाईंनी जागच्या जागी तीन गट पाडले आणि श्यामरावांनी जागच्या जागी त्यांची नेमणूक केली. सांगितलं नव्हतं, दुपारपर्यंत माणूस हजर!

फक्त एक अट बाईंनी घातली, सेक्रेटरीनेही शिकायला बसायचं. आता दर मंगळवारी सकाळची ए शिफ्ट सुटली की मी तिसऱ्या बाकावर बसतो. रमाची प्रगती झपाट्याने होऊन राहिली आहे. परवा मी सहज तिच्या वहीकडे मान वळवली, तर तिने हाताचा आडोसा केला.

"बाबा, माझ्यातलं पाहू नका ना जी!"