कासऱ्याची शिकवणी

खोंड आपल्याला लाथ मारतो, मोटारसायकलला आपण मारायची असते. एवढा फरक सोडला तर दोन्ही वळणावर आणायची रीत एकच, असं माझं ठाम मत होतं. होतं, म्हणजे गेल्या शनिवारपर्यंत होतं.

यात नुसती बढाई नव्हती. आमच्या भाजे गावातलीच काय, पार पवना नदीकडची माणसंसुद्धा एकेकाळी आपला अडेल खोंड माझ्या दारात आणून बांधायची आणि म्हणायची, याला जरा माणसात आणा. मी आणायचो. माझ्या हाताखालून गेलेला खोंड पुढं कधी औत घेऊन उधळला नाही. आता खाचरात ट्रॅक्टर चिखल करतो आणि खोंडं राहिली नाहीत. कासरा तेवढा गोठ्यात खुंटीला लोंबकळतो, आणि त्याच्याखाली बाजेवर मी.

तर झालं असं, की माझा मुलगा कैलास गोठ्यात शेणावरून घसरला आणि पाय मोडून बसला. रोज पहाटे मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन अडकवून वलवणच्या बंगल्यांवर रतीब घालायचं काम त्याचं. पाय प्लास्टरात गेल्यावर ते माझ्या गळ्यात आलं. मोटारसायकल मला येते. येत नाही ते पहाटे जागं राहणं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी एका बंगल्याच्या फाटकाशी गाडी उभी केली, घंटी वाजवली, आणि माळी येईस्तोवर कॅनवर डोकं टेकून गाढ झोपलो. माळी भला माणूस. त्यानं मला उठवलं नाही. स्वतःच दूध मापून घेतलं आणि पुढच्या बंगल्यांना निरोप दिला, की आज म्हातारा झोपलाय, पिशवीचं दूध आणा.

हे घरी कळल्यावर कैलासनं ठरवून टाकलं, की सोमवारपासून रतीब आणि गाडी दोन्ही चुलतभावाच्या पोराकडे, आकाशकडे. रतीब एकदा दुसऱ्याच्या हाती गेला की परत येत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. पण पायाकडं बघून तो गप्प बसला. आम्हीही बसलो.

बोलली ती अपेक्षा. कैलासची मुलगी, नुकती अठरा पूर्ण झालेली, लोणावळ्याला कॉलेजात जाणारी. एरवी घरात तिचा आवाज फोनपेक्षा कमी. ती म्हणाली, रतीब मी घालीन आणि वलवणहून तशीच कॉलेजला जाईन. शिकाऊ लायसन तिनं वाढदिवस झाल्याझाल्या काढून ठेवलं होतं. कैलासनं विचारलं, गाडी चालवता येते का? ती नाही म्हणाली. मग कोण शिकवणार?

"आबा शिकवतील," ती म्हणाली, आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी मागं वळून पाहिलं. मागं म्हैस होती.

तिनं माझं नाव का घेतलं, ते मला समजलं. मला अक्षरं साठीनंतर आली, आणि ती हिनंच शिकवली. तेव्हा ही चौथीत असेल. माझी खडू धरलेली मूठ आपल्या इवल्या मुठीत धरून पाटीवर फिरवायची. मी एकच अक्षर महिनाभर उलटं काढलं, पण पोरगी एकदा चिडली नाही. आता माझी पाळी होती. नाही म्हणायला तोंड नव्हतं, आणि व्हय म्हणायला गुडघे नव्हते. मी व्हय म्हणालो.

कैलासनं अट घातली. रविवारी सांजेपर्यंत कॅनमध्ये काठोकाठ पाणी भरून, झाकणं न लावता, घरापासून मळवलीच्या रेल्वे फाटकापर्यंत जाऊन यायचं. पाणी सांडलं की सोमवारी चावी आकाशला.

मी खोंडाच्या रीतीनं सुरुवात केली. भात निघून गेलेलं खाचर मोकळंच होतं. खोंडाला पहिल्या दिवशी ओझं लावायचं नसतं, नुसतं जू मानेवर ठेवून फिरवायचं असतं. म्हणून मी अपेक्षाला गाडीवर बसवलं, गाडी बंदच ठेवली, आणि मागून ढकलत खाचराला फेऱ्या मारल्या. तिचा तोल छान राहिला. माझा दुपारनंतर गेला. बायको सरुबाई बांधावर जेवण घेऊन आली, थोडा वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "शिकतीय ती का तुमी?"

दुसऱ्या दिवशी गाडी चालू केली. क्लच सोडला की गाडी बेडकासारखी उडी मारायची आणि बंद पडायची. पुन्हा किक, पुन्हा उडी. धसकटं मोडत आम्ही असे अर्धं खाचर ओलांडलं. पोरीची एक खोड माझ्या लक्षात आली. दर उडीला ती मान वळवून माझ्याकडं बघायची, बरोबर आहे का म्हणून. मान वळली की हात वळायचा, हात वळला की गाडी बांधाकडं.

नव्या खोंडाचंही असंच असतं. त्याला मागं माणूस आहे की नाही ही धास्ती असते. त्यावर उपाय एकच. कासरा. दोर अंगाला लागला की खोंडाला धीर येतो.

शनिवारी सकाळी मी खुंटीवरचा कासरा काढला. एक टोक गाडीच्या कॅरिअरला बांधलं. दुसरं हातात धरणार होतो, पण हल्ली बोटं मिटत नाहीत, म्हणून कमरेला बांधलं. रस्त्याच्या वळणावर नसीरचं गॅरेज आहे. तो हातातला पाना खाली ठेवून बांधापर्यंत आला आणि हे काय म्हणून विचारू लागला.

"नवी हाय," मी म्हणालो. "सवय न्हाई अजून."

नसीरनं एकदा दोराकडं पाहिलं, एकदा माझ्या कमरेकडं पाहिलं, आणि लांब न जाता तिथंच बांधावर बसला.

अपेक्षाला मी नियम सांगितला. मागं अजिबात बघायचं नाही. कासरा ताणला की थांबायचं, ढिला असेल तोवर चालत राहायचं. तिनं हेल्मेट घातलं, नियम दोनदा म्हणून दाखवला, आणि क्लच असा अलगद सोडला, की गाडी लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली. मला इतका आनंद झाला की मी जागेवरच उभा राहिलो. मग कासरा संपत आलेला दिसला आणि मी पळायला लागलो.

आता बघा. मी थांबलो असतो तर कासरा ताणला असता आणि ती थांबली असती. पण कासरा ताणणार तो माझ्या कमरेला. सत्तरीच्या कमरेला गाडीचा हिसका बसला तर पुढं काय, हा विचार पळतापळता एकदाच येतो आणि मग माणूस आणखी जोरात पळतो. मी पळायचो म्हणून कासरा ढिला राहायचा, आणि कासरा ढिला म्हणून ती चालत राहायची. मी ओरडत होतो, पण हेल्मेटातून तिला काय ऐकू येणार? आणि मागं बघायला मीच बंदी घातलेली. माझ्या उभ्या आयुष्यात माझं इतकं तंतोतंत कुणी ऐकलं नव्हतं.

खाचराला एक फेरी झाली, दुसरी झाली. तिला वाटलं असावं, आता जमलं. बांध जिथं ट्रॅक्टरसाठी फोडलाय, तिथून तिनं गाडी झोकात रस्त्यावर घेतली.

शनिवारचा रस्ता म्हणजे तुम्हाला माहीत आहे. लेण्यांकडं जाणाऱ्या मोटारी एकीला एक लागून उभ्या. त्यांच्या कडेनं आमची वरात निघाली. पुढं ताठ मानेनं अपेक्षा, मागं दोर, दोरामागं धोतर सावरत मी. काचा खाली होऊ लागल्या आणि फोन बाहेर येऊ लागले. एका मोटारीतल्या पोरांनी टाळ्या वाजवून मला जोर दिला.

मग नसीर मदतीला धावला. त्याला वाटलं, म्हातारा फरफटला जाणार. म्हणून त्यानं मला पाठीमागून दोन्ही हातांनी धरलं आणि पुढं ढकलायला सुरुवात केली, म्हणजे माझा वेग कमी पडू नये. कासरा आणखी ढिला झाला. अपेक्षानं दुसरा गिअर टाकला. तो तिला कुणी शिकवला, मला अजून कळलेलं नाही.

"सोड," मी नसीरला म्हणालो.

"कसं सोडू, भाऊ? पडाल की!"

उधळलेला बैल आवरायची एक जुनी युक्ती आहे. कासऱ्याचा खुंटाला वेढा मारायचा. समोर नंदाबाईच्या सरबताच्या टपरीचा बांबू दिसला. मी पळतापळता त्याला गरकन वेढा घातला. कासरा ताणला, आणि अपेक्षानं नियमाप्रमाणे तिथल्या तिथं गाडी थांबवली. दोन्ही पाय जमिनीवर, गाडी सरळ, काही म्हणजे काही चुकलं नाही.

बांबू मात्र निघाला. त्याच्या आधारानं असलेली ताडपत्री माझ्यावर, नसीरवर, नंदाबाईवर आणि सरबत पीत उभ्या असलेल्या चार परगावच्या माणसांवर सावकाश खाली आली. आत अंधार होता आणि लिंबाचा वास होता. खरं सांगू? इतक्या दिवसांत मी पहिल्यांदाच आडवा झालो होतो. मला कुणी उठवलं नसतं तरी चाललं असतं.

ताडपत्रीचं टोक उचलून एका शहरी माणसानं आत डोकं घातलं. बायको-पोरं मागं उभी.

"काका," त्यानं विचारलं, "याची एक राउंड कितीला?"

मी डोळे मिटून घेतले. नंदाबाईनं मात्र त्याला काय सांगितलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

बांबू रोवून घरी पोचेपर्यंत आमच्या आधी आमचा व्हिडिओ पोचला होता. कैलासनं तो आम्हाला पूर्ण दाखवला. मी स्वतःला पळताना पहिल्यांदाच पाहिलं. बरा पळतो, असं वाटलं, पण ते बोलायची वेळ नव्हती. कैलास एवढंच म्हणाला, की उद्याचं काही नको, आकाशला आताच फोन करतो.

अपेक्षा रडली नाही. कॅरिअरची गाठ सोडून कासऱ्याची नीट वेटोळी करत माझ्याजवळ आली.

"आबा, तुम्ही सांगितलंत तेवढंच मी केलं."

"व्हय. त्योच तर घोटाळा झाला."

"मी तुम्हाला लिहायला शिकवताना तुमचा हात कधी सोडला, आठवतंय?"

मला चांगलं आठवत होतं. मी सांगितलं, पहिल्यांदा पुरं नाव लिहिलं तेव्हा.

"नाही. त्याच्या आधी चार दिवस. माझी मूठ नुसती वर ठेवलेली असायची, धरलेली नसायची. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही खडू टाकला असता."

मी उठलो, कैलासच्या हातातला फोन घेतला आणि उशीखाली ठेवला. म्हणालो, अट रविवार सांजेची हाय, आन् रविवार उद्या हाय. माझ्या आवाजात दम होता की नुसता दमा, देव जाणे, पण कैलासनं फोन परत मागितला नाही.

रविवारी कासरा खुंटीवरच राहिला. कॅन पाण्यानं भरले, झाकणं काढली. अपेक्षानं मला दारापुढच्या दगडावर बसवलं, तेही डोंगराकडं तोंड करून. म्हणाली, तुम्ही बघत असलात की माझी मान वळते, तेव्हा तुम्ही बघू नका. अंगणात सगळे तिच्याकडं बघत होते, एकटा शिकवणारा डोंगराकडं.

गाडी निघाली. उडी नाही, हिसका नाही. आवाज वळणापर्यंत ऐकू आला, मग नसीरच्या गॅरेजपलीकडं गेला, मग नाहीसा झाला. डोंगरावर लेण्यांच्या पायऱ्यांवरून माणसं मुंग्यांसारखी चढत होती. मी त्यांच्याकडं बघत राहिलो. मागं सरुबाईच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. कैलासची कुबडी फरशीवर टकटक करत होती, तीही थांबली. आयुष्यात इतके खोंड सोडले, पण आता हात कमरेशी नसलेला दोर चाचपत होता.

मग आवाज परत आला. आधी बारीक, मग मोठा, मग थेट अंगणात, आणि बंद झाला. मी तरी मान वळवली नाही. सांगितलं होतं ना, बघायचं नाही.

कैलास कुबडी टेकत कॅनपाशी गेल्याचं मला ऐकू आलं. त्यानं आत वाकून पाहिलं असावं. कुबडी गाडीला वळसा घालून दुसऱ्या कॅनकडं गेली. मग चावीचा आवाज झाला, आणि तो म्हणाला, "उद्या पहाटे स्वेटर घाल. वलवणला धरणाकडून वारं येतं."

आता सोमवारपासून रतीब अपेक्षा घालते. मागच्या सीटवर मी असतो. कोणत्या बंगल्याचं कुत्रं खरं चावतं आणि कोणतं नुसतं भुंकतं, हे कैलासनंतर मलाच माहीत, म्हणून त्यानं मला थोडे दिवस पाठवलंय. पहिल्याच पहाटे मी तिच्या पाठीवर डोकं ठेवून झोपलो आणि एका वळणावर कॅनसकट कलंडता कलंडता वाचलो. दुसऱ्या दिवशी निघताना तिनं गोठ्यात जाऊन खुंटीवरचा कासरा आणला.

काल वलवणच्या त्याच फाटकाशी गाडी थांबली. माळी दूध घ्यायला आला. माझ्या कमरेभोवतीचा आणि मग कॅरिअरला बांधलेला दोर बघून त्यानं अपेक्षाला विचारलं, आजोबांना हे असं का?

मी झोपेत आहे असं तिला वाटलं.

"नवीन आहेत," ती म्हणाली. "सवय नाही अजून."